वाढलेली पेन्शन

एप्रिलात म्हातारा-म्हातारी दोघांचीही पेन्शन जराशी वाढली, आणि तेवढ्यानेच नगरपालिकेच्या गरिबांच्या यादीतून त्यांचं नाव कटायची वेळ आली. नाव कटलं की फुकटची वीज आणि पाणी बंद. घरात एकाचीच पेन्शन येत असेल तर मात्र नाव राहणार होतं. म्हणून तपासणीची बाई फाटकाशी दिसताच म्हातारा मंगालिसो परसातल्या पत्र्याच्या संडासात कडी लावून बसला.

"ईस्टरलाच गेले हो," त्याची बायको नोबंटू परसात उभी राहून सांगत होती. "दाखला अजून मिळायचाय." जन्मात खोटं न बोललेल्या त्या म्हातारीचा आवाज असा कापत होता, की कुणालाही ते दुःखच वाटावं.

"अगं बाई! मयताच्या घरातून तशीच कशी जाऊ, मावशी?" म्हणत ती बाई गुडघे टेकून प्रार्थनेलाच बसली. प्रेमळ नवरा, कष्टाळू बाप, देवाचा माणूस... आत मंगालिसोने डोक्यावरची टोपी काढली. प्रार्थना संपली, आणि सत्तर वर्षांच्या सवयीने त्याच्या तोंडून खणखणीत "आमेन" निघून गेलं.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

मग कागदावर पेन फिरल्याचा आवाज आला.

"मयत, असंच लिहिलंय," ती बाई खालच्या आवाजात म्हणाली. "आता बोलवा त्यांना बाहेर, पत्रा तापलाय. आमचे बाबाही याच वाढीत वारलेत, मावशी. उद्या आमच्या घरी तपासणी आहे, आणि त्यांना खोकला झालाय."