योजनेचा बोर्ड

"बोर्ड कुठाय?" गाडीतून उतरल्या उतरल्या साहेब खेकसले. दोन वर्षांनी आले होते ते आमच्या डोंगरावरच्या वाडीत, तेही फक्त फोटो काढायला.

पूर्वी उन्हाळाभर वाहणारा आमचा झरा हल्ली होळीलाच ठिबकायला लागतो, म्हणून वाडीच्या पाण्यासाठी निधी मंजूर झाला. सगळ्यात आधी आला तो बोर्ड. निळा, चकचकीत, नळाशेजारी हसणाऱ्या बाईचं चित्र असलेला. टाकी आणि पाइप मागून येणार होते. ते अजून येतायत!

"अहो, काम पूर्ण झाल्याचा फोटो वर पाठवायचाय मला," साहेब म्हणाले. "बोर्डच नाही, तर कसलं काम दाखवू?"

आमच्या ठकूआत्यानं पदर खोचला. "चला, दाखवते."

घळीत उतरताना साहेबांना धाप लागली. खाली कपारीतून पाणी ठिबकत होतं. तिथं आम्ही फणसाचं पान लावायचो, तरी अर्धं पाणी खडकातच जिरायचं. आता वाकवलेल्या निळ्या पत्र्यावरून, त्या हसऱ्या बाईच्या तोंडावरून, थेंबन् थेंब हंड्यात पडत होता.

"काढा फोटो," आत्या म्हणाली. "तुमच्या योजनेतलं एवढंच पाण्याच्या कामी आलंय."