लॉन्ड्रीवालीचा जबाब

"धाकटा माझा दुपारभर घरीच होता," लॉन्ड्रीवाली म्हणाली आणि इस्त्री अशी दाबली की टेबल कण्हलं. "जेवला नि घोरला. पुरावा हवा तर शेजारणीला विचारा, भिंतीपलीकडून शिव्या देत असते."

शिपाई हसला. फौजदार हसला नाही. तो लिहीत राहिला.

मागच्या दारात दोरीवर धाकट्याचा शर्ट वाळत होता. तिची नजर सारखी तिकडे ओढ घेत होती आणि ती तिला आवरत होती. दोन वाजता तो धापा टाकत आला होता. छातीपासून बाहीपर्यंत रक्त, स्वतःच्या अंगावर ओरखडा नाही. "आई, शर्टाला हात लावू नकोस, आलोच," म्हणाला, दुसरा अंगात चढवला आणि पळाला.

हात लावू नकोस! चाळीस वर्षं लोकांचे डाग काढणाऱ्या बाईला हे सांगायचं? रक्ताला गरम पाणी चालत नाही. थंड पाणी, मीठ, आणि तोंड बंद. चौथ्या पाण्याला शर्ट कोरा झाला. रक्त कोणाचं, हे तिने स्वतःच्या मनालाही विचारलं नाही.

"नीट आठवा, मावशी. खोटं सांगून तपास अडवला तर तोही गुन्हा धरतात."

"मी बोललेला शब्द आजवर मागे घेतलेला नाही. सुनांना विचारा, कंटाळल्यात बिचाऱ्या."

तिने एकेक अक्षर कोरत सही केली. फौजदाराने कागदाची घडी घातली.

"काय घडलं ते आधी सांगून जबाब विचारता येत नाही, म्हणून गप्प होतो. गोदामाच्या मुकादमाने आज हमालाला भोसकलं. बघणारे वीस, तोंड उघडणारा एकच, तुमचा धाकटा. जखम त्यानेच दाबून धरली, म्हणून हमाल वाचला. तेव्हापासून चौकीत बसून सांगतोय, मी तिथे होतो, रक्ताचा शर्ट घरी आईपाशी आहे. मुकादम म्हणतो, हा तिथे नव्हताच." तो दाराकडे वळला. "आता तुम्हीही तेच म्हणताय."

तिने इस्त्रीची पिन उपटली.

"थांबा. कागद आणा इकडे. खोटं बोलले मी."

शिपाई चपापला. "मावशी, तुमच्यावरच शेकेल."

"शेकू दे. शर्ट मी धुतला, तेही लिहा. मीठ लावून धुतला, असं लिहा."

"चौकीत येऊन सांगावं लागेल. सगळ्यांसमोर."

ती केव्हाच चपला घालून रस्त्यावर उतरली होती.

"मग चला की पाय उचलून! पोरगं कधीचं एकटंच खरं बोलतंय."