पुढची तारीख

खुनाच्या खटल्यात संजीवला जामीन मिळाला, पण अटींवर. खटला संपेपर्यंत गावात पाय ठेवायचा नाही आणि साक्षीदाराशी ना भेट, ना फोन. तेव्हापासून तो खापरखेड्याला खोली करून राहतो. आणि साक्षीदार म्हणजे त्याची आई, तुळजाबाई, गावात एकटी.

आज नागपूरच्या कोर्टात पिंजऱ्यात उभं राहून ती समोरच्या बाकावर बसलेल्या संजीवकडे बघत होती. गालफडं बसली होती त्याची. शर्टही चुरगळलेला.

"त्या दिवशी अंगणात काय पाहिलंत?" सरकारी वकिलाने विचारलं.

"चक्कर येऊन राह्यली साहेब. आज काहीच सुचत नाही."

मागच्या खेपेलाही तिने हेच केलं होतं. न्यायाधीशांनी नाइलाजाने पुढची तारीख दिली.

व्हरांड्यात वकील तिच्यावर उखडला, "पोराला वाचवायचंय का आजी?"

"नाही जी. त्यानं केलं, तो भोगन. पाह्यलं तसंच सांगतो मी," तुळजाबाई म्हणाली. "पन एकदा सांगून झालं, का मंग मले कोर्टात कोन बोलावते? अन् त्याले कुठं पाहू?"