देणगीतली नजर

“किती निळंशार पाणी गो बाय! वास तेवढा कारखान्याचा येतोय,” मासळीची पाटी घेऊन खाडीच्या काठावर उभ्या धाकूबाई म्हणाल्या.

हेमांगीने नाकाशी ओढणी घट्ट धरली. तिच्यासमोर पाणी काळं होतं आणि मेलेले मासे पोट वर करून तरंगत होते.

आंधळ्या धाकूबाईंना नजर देणारे कृत्रिम डोळे मिळावेत म्हणून समोरच्या रसायन कारखान्याचे उंबरे झिजवून हेमांगीनेच आपल्या संस्थेसाठी देणगी मिळवली होती. तिने तिथूनच कारखान्याच्या साहेबांना फोन लावला.

“मॅडम, डोळे आमच्या पैशांचे आहेत,” साहेब हसले. “आमच्याजवळची खाडी त्यांना छानच दिसणार.”

हेमांगीने फोन कापला. तिने धाकूबाईंना खरं काय ते सांगितलं. धाकूबाईंनी वाकून पाण्यात हात घातला. मुठीत आलेला मासा त्यांना दिसला नाही, पण कुजलेला तो बोटांतच फुटला.

“कारखान्यावरच्या उद्याच्या सुनावणीत पाणी स्वच्छ आहे म्हणून सांगायला बोलावलंय मला मेल्यांनी,” त्या कडाडल्या. “येते ना! डोळे काढून येते. तू माझा हात धर. आणि आधी या मेलेल्या माशांनी ही पाटी भर.”

हेमांगीने सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ती काळ्या पाण्यात उतरली.