विणणारं कुणीतरी

"सर, तुमचा स्वेटर काही आपोआप विणला गेला नाही," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. "मग एवढं नेटकं विश्व तरी आपोआप कसं होईल? विणणारा असणारच!"

वर्ग हसला. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या देवस्थळी सरांचं उत्तर तयारच होतं. दरवर्षी ते टेचात देत.

"विणीवरून एवढंच कळतं," ते म्हणाले, "की विणणारं कुणीतरी होतं. ते अजूनही आहे, हे..."

त्यांची नजर स्वतःच्या बाहीवर गेली. गेल्या थंडीत हाच स्वेटर त्यांच्या अंगाला लावून बघताना बायको म्हणाली होती, "अहो, उजवी बाही जरा लांब झाली. राहू द्या, पुढच्या वर्षी उसवून देते."

मुलं वाट पाहत होती. सरांनी लोंबणारी बाही मनगटावर दुमडली.

"हे सिद्ध होत नाही," ते हळूच म्हणाले.