साऱ्या कार्डांना कुंकू

उकंडरावानं पेटी उघडली आणि झाकण हातात धरून तो तसाच उभा राहिला. आतल्या एकूण एक कार्डावर कुंकवाचं बोट उमटलं होतं.

कार्डं जाड कागदाची, पोस्टकार्डाहून लांबट, बारीक भोकं पाडलेली. एका कार्डावर एक हुकूम. असे शेकडो हुकूम ओळीनं लावून दिले की मुंबईच्या संस्थेतला कॉम्प्युटर ते वाचणार आणि पावसावरून कपाशीचा अंदाज सांगणार. म्हणजे सांगायला हवा होता. आजवर दर खेपेला त्यानं 'चूक आहे' एवढंच सांगितलं होतं. कुठं आहे, ते उकंडरावानं शोधत बसायचं.

त्यानं वरचं कार्ड उचललं. ओलाव्यानं ते पापडासारखं वाकलं होतं. खालचं दुसरं त्याला चिकटून वर आलं.

"माय, पेटीले कोनं हात लावला?"

अन्नपूर्णाबाई चुलीपुढून उठून आली. हात पिठाचे. "म्या लावला. काऊन? काल दसरा होता ना बाप्पा. तुह्या बाबानं वखर पुजला, तिफन पुजली, मी इळे पुजले. तुह्यं औजार तेवढं बिनपुजेचं ठेवू काय?"

"पन साऱ्याइले कुंकू?"

"वखराची एक लोखंडी पास पुजली का भागते. तुह्या पेटीत कोन्तं मुख्य हाय, हे मले काय ठाऊक? एखादं राह्यलं अन् नेमकं तेच अडून बसलं तर? तू गावात सोनं वाटाले गेलता, तवा बसली होती मी. अन् हे पाय, तुही रेघ मोडू देली नाही."

रेघ खरंच मोडली नव्हती. कार्डं विस्कटली तर क्रम लागावा म्हणून त्यानं गठ्ठ्याच्या कडेवर पेन्सिलीनं तिरपी रेघ ओढून ठेवली होती. मायनं एकेक कार्ड काढून, पुजून, रेघेला रेघ जुळवून परत ठेवलं होतं. फक्त कुंकू पाण्यात कालवलेलं होतं, आणि पेटीचं झाकण रात्रभर घट्ट बंद होतं.

दुपारच्या एसटीनं मलकापूर, तिथून रात्रीची आगगाडी आणि उद्या सकाळी यंत्रावर त्याची पाळी. ती मिळायला पावसाळा सरला होता. नवी कार्डं करायचं म्हटलं तर भोकं पाडायचं यंत्रही मुंबईतच, आणि एवढी कार्डं काही एका सकाळीत होत नाहीत. प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांनी मागच्या वेळी निरोप देतानाच सांगून टाकलं होतं, "आता उत्तर आलं नाही तर विषय सोडा. कॉलेजात शिकवा आणि सुखानं राहा."

खरं तर त्याला संतापायला हवं होतं. सुट्टीभर तो या गठ्ठ्यापुढं मान मोडून बसला होता. पण राग काही येईना. चूक त्याला अजून सापडलीच नव्हती. कार्डं कोरडी खडखडीत असती तरी उद्या यंत्रानं पुन्हा तेच सांगितलं असतं, हे तो मनातून जाणून होता, आणि त्या भीतीनं त्याला दसऱ्याचा घासही गोड लागला नव्हता. आता जायलाच नको. कार्डं भिजली, विषय संपला. त्याला हायसं वाटलं. आणि असं वाटल्याची लगेच लाजही वाटली.

"बिघडले काय रे?" मायनं हळूच विचारलं.

"हो. यंत्र नाही वाचत आता."

ती उंबऱ्यावर बसली. एक कार्ड घेऊन तिनं पदरानं पुसून पाहिलं. रंग आणखीच पसरला. तिनं ते खाली ठेवलं.

"मंग लिव तुह्या सायबाले," ती म्हणाली. "माह्या मायनं केलं म्हनाव. अडानी बाई हाय, तिले समजलं नाही. माह्यं नाव टाक, अन्नपूर्णाबाई. तुले बोल नको लागाले."

सरांनी ऐकलंही असतं. घरच्यांच्या हातून झालं म्हटल्यावर नवी तारीख दिली असती, वर पोट धरून हसले असते. मग संस्थेत चहाच्या वेळी ती गोष्ट वर्षभर फिरली असती. वऱ्हाडातली म्हातारी आणि कॉम्प्युटरला कुंकू. नवे येणारे विचारत आले असते, ते तुम्हीच का? आणि तोही त्यांच्याबरोबर हसला असता. हसावंच लागलं असतं.

"लिव ना," माय म्हणाली. "पोस्ट बंद होईन."

त्यानं कागद घेतला. तार करायची म्हणजे मजकूर थोडका हवा. त्यानं लिहिलं, 'चूक माझी आहे. ती मला सापडली नाही. पाळी दुसऱ्याला द्यावी. विषय सोडत आहे.' इतकी वर्षं ज्याला तो भीत आला होता, ते लिहून व्हायला फार वेळ लागला नाही. त्यानं पेनाला टोपण लावलं आणि डोळे चोळले.

माय उठून त्याच्या खांद्यावरून वाकली. तिला अक्षर येत नव्हतं.

"टाकलं माह्यं नाव?"

"टाकलं."

"कोन्तं ते?"

उकंडरावानं 'माझी' या शब्दावर बोट ठेवलं.

मायनं डोळे बारीक करून ते नीट पाहून घेतलं. "एवढुसंच?" ती म्हणाली. "मोठं लिव बाप्पा. सायबाले दिसलं पायजे."