‘गळती’ कोण काढतं?

“मीच काढतो,” आवक-जावक कारकून म्हणाला आणि खुर्चीत जरा ताठ बसला.

पाणीपुरवठा कार्यालयाच्या मोठ्या मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. टेबलावर ‘गळती’चे चारही अंक ओळीने मांडलेले होते. सोळा सोळा पानांचे चित्रकथेचे अंक, काळ्या शाईतले, हाताने दुमडून मधोमध दोन पिना मारलेले. चार महिने, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, त्यांचा गठ्ठा डबे खायच्या खोलीत अवतरत होता आणि त्या दिवशी अर्धं ऑफिस पोट धरून हसत होतं.

‘गळती’ची नायिका सूचनाबाई. ऑफिसला आग लागली तरी ती आधी ‘धावू नये’ अशी पाटी लावायची. ती कोण, हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. मोठ्या मॅडमच्या केबिनबाहेर अकरा सूचना चिकटवलेल्या होत्या आणि बारावीला जागा शोधणं चालू होतं.

मग एक अंक कसा कोण जाणे, हेड ऑफिसला पोचला. तिथून पत्र आलं. ही चित्रं काढणाऱ्याला आठ दिवसांत शोधा आणि निलंबित करा. आज आठवा दिवस होता.

“तुम्ही?” मॅडम म्हणाल्या. “तुम्हाला पाकिटावर तिकीट सरळ चिकटवता येत नाही.”

“चित्रकलेचं वेगळं असतं, मॅडम.”

बिचाऱ्याने शाळा सुटल्यापासून साधा डोंगरही काढलेला नव्हता. पण दुसरा अंक आला तेव्हा टायपिस्ट बाईंनी त्याच्याकडे बघून हळूच विचारलं होतं, “तुम्हीच ना?” नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण त्यांच्या चेहऱ्यावरचं कौतुक बघून ते नुसतंच उघडं राहिलं. अकरा वर्षांत त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. आता डबे खायच्या खोलीत सगळे त्याच्यासाठी खुर्ची धरून ठेवायला लागले. सूचनाबाई खालच्या खणात बिस्किटं लपवते हे त्याला कळलं कसं, असं विचारायला लागले. “लक्ष असावं लागतं,” तो म्हणायचा.

निलंबनाची भीती त्याला होतीच. पण आता नाही म्हटलं असतं तर बाहेर सगळ्यांसमोर तोंडघशी पडायची वेळ आली असती, आणि ती खुर्ची गेली असती. त्यापेक्षा नोकरी गेलेली परवडली, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

“खोट्या माणसाला घरी बसवून माझं काय भलं होणार आहे?” मॅडम वैतागून म्हणाल्या. “बरं, सांगा. दुसऱ्या अंकात पाचव्या पानावर उंदराला शेपूट आहे. सहाव्यावर नाही. का?”

कारकुनाने क्षणभर विचार केला. “ती शैली आहे.”

“शैली! अहो, राहून गेलंय ते!”

“हां, म्हणजे राहूनच गेलं.”

“अंक छापताना पहिल्या पानाच्या शेजारी, त्याच कागदावर, कुठलं पान येतं?”

“दुसरं.”

मॅडमनी पहिला अंक उचलला, नखाने दोन्ही पिना उपसल्या आणि सर्वात बाहेरचा कागद त्याच्यासमोर पसरला. “सोळावं! पहिल्याशेजारी सोळावं! दुमडायचं असतं ना ते? आठ दिवस हेच घेऊन बसलेय मी, आणि तुम्ही येऊन मला दुसरं सांगता!”

“मी घाईत बोललो.”

“हे बघा,” त्याने लिहून आणलेला कागद पुढे सरकवत त्यांनी आवाज खाली आणला. “तुमचा हा कबुलीजबाब परत घ्या. कुणी सापडलं नाही असं वर कळवते आणि मोकळी होते. निवृत्तीला किती वर्षं राहिली तुमची?”

“नऊ.”

“मग? कशाला पायावर धोंडा पाडून घेताय?”

कारकुनाने घाम पुसला. दाराच्या काचेतून टायपिस्ट बाई दिसत होत्या. टायपिंग थांबवून त्या आतच बघत होत्या.

“नाही मॅडम,” तो म्हणाला. “कलेशी बेईमानी व्हायची नाही माझ्याकडून.”

“कलेशी!” मॅडमनी कपाळाला हात लावला. मग कबुलीजबाबाचा कागद उलटा केला आणि पेन त्याच्यापुढे आपटलं. “काढा. सूचनाबाई काढा. इथे, माझ्यासमोर.”

कारकुनाने काढली. दहा मिनिटं लागली. डोकं भोपळ्याएवढं झालं, मान राहिलीच नाही. एका हाताला सहा बोटं आली म्हणून दुसरा हात त्याने पाठीमागे लपवला. नाक आधी बटण होतं, सुधारता सुधारता त्याचा बटाटा झाला.

मॅडमनी कागद स्वतःकडे फिरवला. त्यांचे कान लाल झाले.

“हे वर पाठवू मी? तुमच्या सहीनिशी? ‘गळती’ ही अशी असते म्हणून?”

“आज जरा हात थरथरतोय.”

मॅडमनी त्याच्या हातातलं पेन हिसकावलं. कागद फाटेल इतक्या जोरात बटाट्यावर काट मारली आणि शेजारी, पेन न उचलता, कपाळापासून ओठापर्यंत एकच रेघ ओढली. चारही अंकांतलं ते लांबलचक खवचट नाक जसंच्या तसं कागदावर उतरलं.

“कपाळापासून सुरू करते मी,” त्या करवादल्या. “चार अंक झाले, एवढंही दिसलं नाही तुम्हाला?”